पान सत्तेचाळीस

मोजमापाचं पुस्तक, निळ्या पुठ्ठ्याचं.
पानांवर आकडे छापलेले असतात, म्हणजे पान गेलं
तर गेल्याचं तरी कळावं.
पान सत्तेचाळीस. मडगाव.
धावपट्टी चारशे मीटर, आठ लेन.
करारातली जाडी : तेरा मिलिमीटर.

माझ्याकडे सुई आहे, खुणा केलेली.
रबरात टोचायची, खालचं डांबर लागलं की थांबायचं,
वाचायचं.
पहिल्या वळणावर नऊ पूर्णांक दोन.
वाटलं, सुई वाकली असेल.
पुन्हा. नऊ पूर्णांक दोन. पुढे आठ पूर्णांक आठ.
दुपारभर गुडघ्यांवर फिरले त्या लाल पट्टीभोवती,
देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी,
आणि एकाही ठिकाणी देव तेरा भरला नाही.

बाबा असोळण्याच्या खाजनात पायणी होते.
ओहोटीला काठी घेऊन बांधावर निघायचे.
खेकड्याचं बीळ दिसलं की काठी आत,
मग चिखल, पेंढा, वरून टाच.
गांवकारीच्या वहीत लिहायचे :
मानशीपासून चाळीस पावलं, भोक एक, बुजवलं.
कोणाच्या शेतासमोर, ते लिहायचे नाहीत.
एकदा विचारलं, तर म्हणाले,
"भरतेक शेत कोणाचें तें खबर ना, बाय."

कंत्राटदाराचा माणूस मिनिनो रिबेलो
बेबिंकेचा खोका घेऊन आला, रिबिनीसकट.
"मॅडम, चार मिलिमीटर. नखाएवढं.
टीव्हीवर दिसतं का?"
खोका जड होता.
बेबिंकेला सात थर असतात, ह्याला आठवा असणार.
मी रिबीन सोडली नाही.
समितीच्या सचिवांचा फोन आला,
सत्तावीस देश येतायत, झेंडे शिवून झाले,
राज्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.
अब्रूची जाडी त्यांनी सांगितली नाही.

घरी बसून गुणाकार केला.
सोळा घनमीटर रबर.
बिलात आलं, बोटीतून आलं नाही.
सोळा घनमीटर म्हणजे आमचं स्वयंपाकघर
जमिनीपासून माळ्यापर्यंत, चुलीसकट, भरून.

संध्याकाळी केप्याची सुकांती वेळीप सरावाला यायची.
धावून झालं की कठड्यावर बसून
नडगीला बर्फ लावायची.
कोच म्हणायचे, बूट बदल.
तिने बदलले. दोनदा.
मी हातात सुई घेऊन तिच्या शेजारी बसले होते
आणि काही बोलले नव्हते,
हेही कुठेतरी लिहायला हवं.

दुसऱ्या दिवशी लिहिलं. नऊ पूर्णांक दोन.
शाईने. तारीख, वेळ, सही.
खोका टपालात नोंदवून परत.

आता मी बेतूलला आहे,
होड्यांची नोंदणी करते. काम वाईट नाही.
मासळीचा वास येतो, पण होडी तेवढीच लांब असते
जेवढी ती असते.
चौकशी झाली म्हणे. आतल्या चार लेन
उखडून पुन्हा घातल्या, पूर्ण तेरा.
बाहेरच्या चारांना वेळ नव्हता,
उद्घाटन जवळ आलेलं.
अर्धा बुजवलेला बांध
बाबांच्या वहीत कुठल्या रकान्यात बसला असता, मला माहीत नाही.

काल सुकांतीचा मेसेज आला :
"चिठ्ठ्या काढल्या. सहावी."
मी बराच वेळ टाइप करत राहिले.
शेवटी एवढंच पाठवलं, सावकाश वळ.
धावणारीला सावकाश म्हणणारी
मी पहिलीच असेन.

पुस्तक कुठे आहे विचारलं,
तर म्हणाले तपासायला वर गेलंय.
वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगेना.
असू दे.
लहानपणापासून मी पेन दाबून लिहिते,
मास्तर त्यावरून ओरडायचे.
सत्तेचाळीस फाडलेलं मिळालं,
तर अठ्ठेचाळीस खिडकीपाशी न्या
आणि तिरपं धरा.