अनुस्वार

आज सांखळीचा बाजार बंद आहे.
माझंही शटर अर्ध्यावर.
दुकानाला पाटी नाही, पण विचाराल तर कुणीही दाखवेल.
लोकांची नावं कोरता कोरता
माझं कोरायचं राहून गेलं.

सगुण गांवस पहिल्यांदा आला तेव्हा साधा पंच होता,
सायकलवरून, पँटीला मागे वाळवंटीचा चिखल.
विहिरीच्या कठड्यावर शिळा बसवायची होती,
काळ्या दगडाची, हातभर.
म्हणाला, ‘गोकुळ, गां-वरचं टिंब विसरू नको हां.
टिंब गेलं की तो पलीकडच्या वाड्यावरचा गावस.
त्याचं-माझं सुतक नाही.’
अक्षराला आठ आणे दर होता.
टिंबाचे मी लावले नाहीत.

मग आमदार.
मग नामदार. आ-चा ना व्हायला
त्याला अकरा वर्षं लागली.
खाती मिळाली ती अशी:
नदी परिवहन, तुरुंग, छपाई व लेखनसामग्री
(ही ओळ शिळेवर मावेना, अक्षर बारीक करावं लागलं)
आणि एकदाच, आठ महिने, आरोग्य.
त्याच आठ महिन्यांत माझी थोरली
डिचोलीला नर्स म्हणून लागली.
हे आधीच सांगून ठेवतो,
पुढे कुठे मी गप्प बसलो तर कारण ठाऊक असावं.

आमच्या पुलाला तीन कोनशिला.
तिन्ही माझ्या हातच्या.
पूल तिसरीनंतर झाला.
पहिलीवर आता बायका कपडे आपटतात,
कुणाच्या तरी ओल्या चादरीवर
तो अजून उलटा उमटत असेल.

पक्ष त्याने चार बदलले.
रात्री निजताना एक निशाणी,
सकाळी पोदेराचा पोंपों वाजेपर्यंत दुसरी.
शिळेवर पक्ष लिहीत नाहीत,
म्हणून माझं काम कधी अडलं नाही.

खाणीचे ट्रक सुरू झाले तेव्हा
माझ्या कोऱ्या दगडांवर लाल धूळ बसायची,
बोटाने नाव लिहावं एवढी जाड.
मी म्हटलं, साहेब, आमच्या वाड्यावरची झर आटली.
तो म्हणाला, टँकर पाठवतो.
पाठवला.
पंधरा वर्षं पाठवला, चतुर्थीच्या दिवशीसुद्धा.

सतरा मतांनी पडला त्या दुपारी
तो एकटाच आला, चालत.
घडवायला काढलेल्या दगडावर बसला.
‘माजी-चे कितले घेतलो रे?’
मी म्हटलं, माजींची नावं कुणी कोरत नाहीत, साहेब.
ते त्याला माहीत होतं.
चहा मागवला, तो निवला,
त्याच्यावर साय धरली.
मी कुणाच्या तरी तुळशीवृंदावनाचा दगड ठोकत राहिलो.
हात थांबवला असता तर बोलावं लागलं असतं.

पुन्हा निवडून आला, पुन्हा पडला, पुन्हा आला.
तोवर ग्रॅनाइट आलं, म्हापशाचं मशीन आलं,
वाळूच्या फवाऱ्याने अक्षरं काढणारं.
मला कुणी विचारीनासं झालं.

फुटबॉलच्या मैदानाचं उद्घाटन.
त्याने दोरी ओढली, पडदा सरकला,
टाळ्या झाल्या.
तो मात्र शिळेकडे बघतच उभा.
मग मागे वळून गर्दीत कुणाला तरी शोधू लागला.
मी शेवटच्या रांगेत होतो, हातात भजीचा कागद.
त्याने काही म्हटलं नाही. दोन बोटं
कपाळाजवळ नेली, जरा वर.

त्या रात्री छिन्नी घेऊन गेलो.
ग्रॅनाइट माझ्या हाताचा नव्हे,
एका टिंबाला तास गेला.
राखणदार विडी ओढत बघत होता,
त्याने बॅटरी धरली नाही, हटकलंही नाही.

उद्या पणजीहून मोठी माणसं येतील,
त्याच मैदानावर त्याला ठेवतील, हार घालतील.
कुणी नीट पाहिलं तर दिसेल,
टिंब थोडं डावीकडे सरकलंय.
उजेड नव्हता.