बूट

पहाटे तीनला मी रस्त्यावरचं बर्फ ढकलायला निघतो.
काउंटीचा नारिंगी ट्रक, पुढे लोखंडी पातं,
कॅल्युमेटपासून सरोवराच्या कडेकडेने बारा मैल,
परत बारा. मागे वळून पाहावं
तर साफ केलेलं पुन्हा पांढरं.
निघण्याआधी एमेटच्या दारात जरा थांबतो.
तो झोपलेला असतो, बूट घालून.
नाड्यांना दोन दोन गाठी.

आठ वर्षांचा आहे. आमचं त्याचं पाचवं घर.
आधीच्या चारांतून त्याला रात्रीच हलवलं,
एकदा घाईत एक बूट मागेच राहिला.
हे फायलीत नव्हतं.
बटाटे सोलता सोलता त्यानेच आइलाला सांगितलं,
दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.
तेव्हापासून चादरीवरच्या चिखलाबद्दल
ती चकार शब्द काढत नाही.

देवाशी मी बोलतो तो ट्रकमध्ये.
चर्चमध्ये पास्टर हाकोला बोलतात, चांगलं बोलतात,
मी आपला टाय सैल करत बसतो.
इथे वायपर आणि मी:
आज पातं दगडाला अडू देऊ नको.
आज शाळेतून फोन नको.
बस, एवढंच.
याहून मोठं मागायला तोंड होत नाही,
मागचंच अजून फिटलेलं नाही.

प्रार्थनेनंतर कॉफी असते तळघरात.
मिसेस लाहती माझा हात धरून म्हणतात,
केवढं मोठं काम केलंत तुम्ही दोघांनी!
मी केकचा तुकडा तोंडात कोंबतो.
पोटच्या पोरासाठी रात्री उठणाऱ्याला
असं कोणी म्हणतं का?
आणि एमेट शेजारीच उभा असतो,
ते मोठं काम,
खिशात साखरेच्या पुड्या भरत.

कोर्टात जज्जबाई म्हणाल्या,
मिस्टर केरानेन, हे कायमचं आहे, समजतंय ना?
मी घसा खाकरेपर्यंत तोच बोलला,
माझ्याच जुन्या टायमध्ये बुडालेला:
त्यांना दोनदा विचारा.
सगळे हसले. तो हसला नाही.
दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणालो.

नोव्हेंबरात त्याने ताट भिरकावलं.
तू माझा बाप नाहीस.
मी म्हणालो, बरं. जेवून घे.
मग लाकडं फोडायला गेलो
आणि दोन हिवाळ्यांना पुरतील इतकी फोडली.
त्या वेळी वर पाहून जे बोललो
त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही.
पण ऐकलं असणार, दुसरं कोण होतं तिथे?

शनिवारी संध्याकाळी सॉना तापतो.
आजोबांनी देवदाराच्या फळ्या ठोकून केलेली खोली,
चूल, दगड, बादली, पळी.
आमच्याकडे शनिवार असा धुतल्याशिवाय
रविवार उजाडत नाही.
एमेट आत यायचा नाही. बाहेर पायरीवर बसायचा,
टोपी, कोट, बूट, सगळ्यासकट.
मी आत, तो बाहेर, मध्ये इंचभर लाकूड.
दगडांवर पाणी पडून चर्र झालं
की फटीतून प्रश्न यायचा.
नरक असाच असतो का?
नाही, नरकात बादली नसते.
मग बराच वेळ काही नाही.
मग, तुला कोणी सांगितलं?

असे किती शनिवार गेले, मोजले नाहीत.
बर्फ मोजणारा माणूस नव्हे मी, ढकलणारा.

मार्चमधल्या एका शनिवारी दार उघडलं,
थंडीचा लोट आत आला, त्याच्यामागून तो.
कमरेला टॉवेल, छातीच्या बरगड्या,
आणि पायांत बूट.
सगळ्यात खालच्या फळीवर बसला, दाराजवळ.
दार लावून घे, एवढंच म्हणालो.

रबर तापल्याचा वास सुटला.
मी पळीत पाणी थोडं कमी घेतलं.
नाड्या सुटलेल्या होत्या,
की वाफेमुळे मला तसं दिसलं,
शपथेवर नाही सांगता येणार.