पडदा बंद कर

हानुस दुकानात आला तेव्हा क्लाक्सविकच्या बंदरावर
दुपारी तीनलाच दिवे लागले होते.
चाळीस वर्षं जहाजावर बिनतारी यंत्राशी बसलेला माणूस,
आता डोळ्यांत कडेकडेचा उजेड तेवढा उरलेला.
"लॅपटॉप हवाय. जुन्याची वाचा गेली.
रात्री अपडेट आलं, सकाळी मुका."

मी सवयीने सुरू झाले:
हा बघा, किती पातळ, याचे रंग तर बघा
आणि जीभ चावली.

तो म्हणाला, "पडदा बंद कर. आता दाखव."

पहिला गोड बोलायचा,
पण आत गेल्यावर. दारात, पासवर्ड मागताना,
तोंडातून शब्द नाही.
"म्हणजे रोज कुणीतरी उंबऱ्यापर्यंत हात धरून न्यायचं."
एका बोटाने त्याने तो बाजूला सारला.

दुसरा आमची भाषा डॅनिश वळणाने वाचत गेला.
हानुसच्या बायकोचं नाव आर्मगार.
शेवटी एक अक्षर आहे, लिहायचं फक्त,
घरात कुणी कधी उच्चारलं नाही.
यंत्राने ते ठणकावून उच्चारलं.
तो हसला. मग बराच वेळ हसला नाही.

तिसरा जाड, काळा, पंख्याची घरघर,
आवाज पत्र्याच्या डब्याचा.
हानुसने वेग वाढवला, आणखी वाढवला,
मला नुसती कडकड ऐकू येत होती
आणि तो मान डोलवत होता,
दूरच्या बोटीवरून कुणी ख्यालीखुशाली कळवावी तसा.
मग मुद्दाम भलत्या कळा दाबून सगळं अडकवलं,
खालची बॅटरी उपसली, परत बसवली,
थांबला.
एकोणीस सेकंद. मी मोजले.
डबा खाकरला: "तयार."

"वादळात हा. गोड गळा चर्चमध्ये."

मी विचारलं, आणि याचंही अपडेट आलं तर?
"तेव्हा तू असशील इथे?"
माहीत नाही, म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.
"मग आवाज परत आणायच्या कळा सांग."
मी सांगितल्या. त्याने काउंटरवर त्या टिचक्यांनी वाजवून घेतल्या,
दोनदा, आणि टोपी घातली.

शटर ओढल्यावर मी पडदा बंद केला,
माझं नाव टाईप केलं, रानवा,
बरोबर आलं की नाही ते सांगायला कुणी नव्हतं.
आवाज सुरू करायलाच विसरले होते,
कळा तोंडपाठ असून.