दहा किलो तांदूळ

फायलीतला शेवटचा आकडा: दहा किलो, दोनशे ग्रॅम.
तोही नोव्हेंबरचा. आता मार्च सरत आला,
डुलूथच्या बंदरात बर्फ फोडणारी बोट फिरू लागली,
आणि सोलमधल्या कुठल्याशा टेबलावर
आमचा कागद
कुणाच्या तरी सहीची वाट बघत अजून आडवा पडलाय.

शनिवारी चर्चच्या तळघरात क्वाकबाई शिकवतात.
एरवी त्यांचं दुकान, विजारी आखूड करून देण्याचं.
"जीभ मेल्या माशासारखी पडलीय तुमची," म्हणतात,
"उचला."
आम्ही उचलतो. आर्विडची पुन्हा पडते.
एक स्वर आहे त्यांचा, ओठ न हलवता काढायचा,
दाढ दुखताना कण्हावं तसा.
तो मला गाडी चालवताना जमतो, त्यांच्यासमोर नाही.
पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं,
'माझं तुझ्यावर प्रेम आहे' कसं म्हणायचं?
ओठांत टाचण्या धराव्यात तसं त्यांनी तोंड मिटलं.
मग म्हणाल्या, "आधी 'जेवलास का?' शिका.
पोरं त्यावर वाढतात."

किमचीची बरणी गॅरेजमध्ये, बर्फाच्या फावड्याशेजारी.
पहिली नासली. दुसरी आर्विडच्या आईनं चाखली,
ग्लासभर पाणी प्यायली,
"आमच्या आजीचा नाताळचा मासा याहून वाईट होता"
म्हणाली, आणि आणखी एक घास घेतला.

त्याचं नाव हानग्योल.
अर्थ: एकसारखा, न बदलणारा.
आणि आम्ही त्याचं सगळंच बदलणार आहोत,
खिडकी, भात, हवेचा वास, आई.
नाव तेवढं राहू द्या, असं मी फॉर्मवर लिहिलं
मोठ्या अक्षरांत,
जणू मोठं लिहिलं की बाकीचं कमी हिरावलं जाईल.

पहिल्या वाढदिवसाचा फोटो सहा आठवड्यांनी आला.
पुढ्यात दोरा, पेन्सिल, नोटा, चिमुकलं धनुष्य.
जे उचलेल ते त्याचं नशीब.
त्यानं यातलं काहीच उचललं नव्हतं.
सांभाळणाऱ्या बाईचं मनगट धरलं होतं, दोन्ही हातांनी.
ते मनगट मी खूप वेळ पाहिलं:
घड्याळाचा झिजलेला पट्टा, भाजल्याचा डाग.
तो तिला ओम्मा म्हणतो.
म्हणणारच.

वाढदिवसाच्या दिवशी इकडे मी शेवाळाचं सूप केलं होतं.
ते बाळंतिणीचं, क्वाकबाईंनी सांगितलेलं,
वाढदिवसाला पितात ते तिची आठवण म्हणून.
दोन वाडगे भरले.
एक तिचा, जिच्याबद्दल फाईल म्हणते:
वय एकोणीस, केस सरळ, गाण्याची आवड.
वाडगा निवला. शेवाळ तळाशी बसलं.
टाकवेना, म्हणून रात्री अकराला
मीच उभ्या उभ्या प्यायले.
हक्क नसल्यासारखं वाटलं. भूक लागल्यासारखंही.

क्वाकबाईंच्या जुन्या हिशोबात
बाळ जन्मतं तेच एक वर्षाचं.
न दिसलेला काळही धरतात.
मी विचारलं, मग माझं आईपण किती वर्षांचं धरायचं?
त्यांना प्रश्न कळला नाही, किंवा कळला.
"पान बावीस काढा," म्हणाल्या.

पण गेल्या शनिवारी वर्ग सुटल्यावर
त्यांनी पिशवीतून बाळ बांधायचं कापड काढलं,
त्यांच्या मुलाचं. तो आता डेन्व्हरला दंतवैद्य आहे.
छातीवरून, मागून, पुन्हा पुढे, अशी गाठ दाखवली.
घरी येऊन मी पाठीशी बांधलं
तांदळाचं दहा किलोचं पोतं,
आणि दोनशे ग्रॅमसाठी एक सफरचंद.
चालले. स्वयंपाकघर, जिना,
जिला आम्ही अजून 'ती खोली' म्हणतो ती खोली.
तांदूळ आत सरकले, कुशीवर वळावं तसे.
बाहेर एका जहाजानं भोंगा दिला, यंदाचा पहिला.
आर्विड हॉकीची मॅच बघत होता.
मान वळवून त्यानं पाहिलं,
मला वाटलं, हसेल.

त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.