डिकी

तीनदा पिप्, आणि अर्ध्यावरून परत वर.
सहा दिवस हेच.
शोरूमवाले म्हणाले, मोटर बदला. बेचाळीस हजार.

कुर्ल्याच्या गल्लीत मुकादमने
मोटरला हातही लावला नाही.
चार वेळा बटण दाबलं,
मान वाकडी करून नुसता ऐकत राहिला.
'मोटर ठणठणीत आहे हो.
डिकीला वाटतंय, मध्ये कुणाचा तरी हात आहे.'

बिजागरीपाशी रबराची काळी नळी,
तिच्यात अकरा वायरी. दहा धड.
अकरावीही धडच दिसत होती,
नखाने वाकवली तेव्हा कळलं:
वरचं प्लास्टिक शाबूत, आत तांबं तुटलेलं.

डाग दिला. राळेचा धूर, कटिंग चहा,
पलीकडे पंक्चरवाल्याशी कुणाचं तरी भांडण.
मग बटण. न अडखळता खाली आली,
खट्.

मी पाकीट काढलं.
'थांबा की,' म्हणत त्याने पुन्हा उघडली,
आणि ती खाली येत असताना
स्वतःचं मनगट ठेवलं मध्ये.

डोळे मी मिटले.
पिप्, पिप्, पिप्.

'आता खरंच होता,' म्हणाला,
आणि मनगटावरचं ग्रीस पुसत
साडेसातशे सांगितले.