खाकी गोधडी

तीन शर्ट, दोन पँटी, आणि एक कोट
थंडीतल्या पहिल्या गाडीचा.
कोकिळा म्हणाली, बोहारणीला देऊन टाकते.
मी म्हटलं, राहू दे.
का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

अमळनेर–चोपडा, एकतीस वर्षं.
रिटायर झाल्यावर झोपेत हात वर जायचा
आणि मच्छरदाणीची दोरी ओढायचा.
एकदा सगळीच अंगावर आली.
कोकिळा अंधारात उठून बसली, म्हणाली,
कुठं उतरायचंय?

पिंजारगल्लीतल्या रशिदाबीनं शिकवलं.
खाली जुनं लुगडं अंथरलं,
चार कोपऱ्यांवर चार विटा,
वर माझी नोकरी उसवून, सपाट करून.
माझा दोरा सारखा गुंतायचा.
मागून माणसं ढकलत असल्यासारखी
बोटं पुढं पळायची.
"वढू नको रे भो," ती म्हणे,
"दोरा आपलाच येस."
आणि चुकलेले टाके काढायची,
झोपलेल्या पोराच्या मुठीतून
काही सोडवून घ्यावं तसे.

धावदोरा म्हणतात याला.
धावत मात्र कुठंच नाही.
सुई खाली जाते, दिसेनाशी होते,
कापडाखाली तिचं काय चाललंय
ते फक्त डाव्या हाताच्या बोटाला ठाऊक.
मग वर येते
गव्हाच्या दाण्याएवढी वाट चालून.
मे महिन्यात दुपारी वरचा पत्रा तडतडतो,
गल्लीत कुत्रंसुद्धा नसतं,
घाम भुवईवर येऊन थांबतो.
पुसायची घाई नाही.

शिवण काठाकडून आत येते,
चौकोनात चौकोन, त्यात अजून एक.
नातू विचारतो, आबा, कुठवर आली?
आज जळोद, मी सांगतो.
तो खूश होऊन तोंडानंच बेल मारतो,
टिंग टिंग.

जळोदलाच.
बाजाराचा दिवस, पायरीपर्यंत माणसं.
मला वाटलं, उतरली.
दोनदा दोरी ओढली.
तिचा एक पाय अजून पायरीवर होता.

चौकशीत माझी चूक निघाली नाही.
तसा कागद आहे, पेटीत.
कपाळाला सात टाके पडले, एवढं कळलं.
नाव नाही कळलं.
तिकीट मीच फाडलं होतं, पूर्ण एक.
पिशवीतल्या तुरीच्या शेंगा दारात सांडल्या,
तुडवल्या गेल्या,
चोपड्यापर्यंत गाडीत हिरवा वास.

कुणी घातले असतील ते सात?
भूल दिली असेल?
की कुणीतरी हात धरून म्हटलं असेल,
झालं, झालं, हा शेवटचा?

मोजत नाही म्हणतो,
तरी सातवा टाका आला
की बोटं आपोआप ढिली पडतात.
सुई वरच धरून बसतो.
एखादी बाई उतरून, पदर सावरून,
पिशवी या हातातून त्या हातात घेऊन
रस्त्याच्या कडेला नीट उभी राहील
एवढा वेळ.
मग आठवा.

परवा रशिदाबीनं गोधडी उलटी करून पाहिली.
उलट्या बाजूला काही लपत नाही.
"सात-सातवर दम खास का रे तू?"
खातो, म्हटलं.
तिनं आणखी काही विचारलं नाही.
दाताखाली दोरा तोडला
आणि मला पुढचा ओवून दिला,
मला आता नेढं दिसत नाही म्हणून.

हात अजून वर जातो रात्री.
कधीमधी.
दोरी सापडली नाही तर
छातीवर परत येतो, आणि तिथंच झोपतो.

मधल्या चौकोनात
कोटाचा एक खिसा तसाच ठेवलाय.
सुट्ट्या पैशांचा.
कोकिळा म्हणते, चष्मा ठेवत जा त्यात.
मी काहीच ठेवत नाही.
तिकिटाच्या पाठीमागं लिहून दिलेली
कुणाची बाकी
द्यायची राहिली असेल, तर.