रकाना क्रमांक एकोणीस

शिरोलीच्या तिसऱ्या गल्लीत
कोकच्या भट्टीचं धुराडं गार पडलंय.
शेजारी विजेची भट्टी, नवी,
तिच्या पायाशी फोडलेल्या नारळाची ओल.

मी फॉर्म काढते.
महिन्याला कोक किती टन, आता युनिट किती,
राख कुठं टाकायचात.
दस्तगीरमामा उत्तरं देतात
पावती फाडावी तशी.

एकोणिसावा प्रश्न माझा,
पुण्याच्या थंड खोलीत बसून लिहिलेला:
‘बदलामुळे कोणते कौशल्य निरुपयोगी झाले?’
उत्तराला जागा दीड ओळ.

मामा धुराड्याकडं बघतात.
“झरोक्यातनं बघायचं. लाल असला की थांबायचं,
पिवळा झाला की रस सोडायचा.
मीटर न्हवता वो, डोळं हुतं.”
आणि डावा डोळा चोळतात,
त्याला आता निम्मंच दिसतं.

“वाईट झालं म्हणू नगासा.
नातीचा खोकला गेला.
दोरीवरचा लेंगा पांढरा ऱ्हातोय.
पर माझ्या जागी बटण आलं,
आन् बटणाला च्या लागत न्हाई.”

अहवालात धूर टक्क्यांत मावेल.
अनुदानाचा हप्ता, कर्जाची मुदत,
सगळ्याला तक्ते आहेत.

मी फॉर्म उलटा करते, कोऱ्या बाजूला लिहू लागते.
मामा वाकून वाचतात, उजव्या डोळ्यानं.

“पिवळा लिवलासा? खोडा.
हळद पिवळी असती.
ह्यो काकवीचा रंग,
काकवी उन्हात धरल्यावर हुतो त्यो.”

मी खोडते.